आतल्या बाजूची काठी

१

दरवर्षी जुलैत संत पेत्रूच्या सणाला आम्ही कुइक्काच्या तळ्यावर जातो. मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून एकदाही चुकलेलं नाही. सामानाची यादी मला तोंडपाठ आहे. राय धान्याचं पीठ, मीठ, बटाटे, कांदे, शेपू, दोन जाळी, चार गळ, किटली, मेणबत्त्या, डासांसाठी डांबराच्या वासाचं तेल आणि संत मिक्कुलाचं छोटं चित्र. पाण्यावरच्या माणसांना तोच सांभाळतो, म्हणून ते सगळ्यात वर ठेवायचं.

यंदा यादीत दोन गोष्टी जास्त होत्या. एक माझ्या नवऱ्याची, तेप्पानाची औषधं. दुसरी माझा पंचा.

फेब्रुवारीत तेप्पाना लाकडं फोडत होता. डाव्या हातातून कुऱ्हाड गळून पडली आणि मागोमाग तोही बर्फात बसला. इस्पितळाच्या त्या लांब, पांढऱ्या व्हरांड्यात उभी राहून मी नवस बोलले. म्हटलं, मिक्कुला बाबा, पेत्रूच्या सणाला माझा माणूस तळ्यावर येऊ दे, दोन्ही हातांनी वल्हं धरू दे. जवसाचं सूत स्वतः कातून, विणून, त्यावर लाल पक्षी भरून मी बेटावरच्या क्रुसाला पंचा बांधीन.

पाय परत आला. बोलणं तर गेलंच नव्हतं, उलट वाढलं. पण डावा हात खुंटीवर टांगलेल्या मोज्यासारखा लोंबत राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उन्हाळ्यापर्यंत जे आलं ते आलं. त्यापुढची आशा धरू नका, मावशी."

आशा काय त्यांना विचारून धरायची? मी पंचा विणत राहिले.

२

नाव भरताना आमच्या जावयाने, वादिमने, एक नवीन डबा काढला. शहरातल्या दुकानातून आणलेला. त्याच्या पडद्यावर पाण्याखालचे मासे दिसतात म्हणे.

"बाबा, आता अंदाजाने गळ टाकायची गरज नाही. मासा कुठे आहे ते हा सांगतो."

"आणि मासा तुझ्या गळाला का लागत नाही, ते सांगतो का?" तेप्पाना म्हणाला.

माझी लेक तैसी हसून हसून नावेत कलंडली. "बाबा, माझ्या नवऱ्याला पहिल्याच दिवशी छळू नकोस."

"मग कधी छळू? माझं अर्धंच अंग चालतंय, मला दुप्पट वेळ लागणार."

असा तो. नावेत बसताना त्याने उजव्या हाताने डावा उचलला आणि मांडीवर ठेवला, मांजराचं पिल्लू ठेवावं तसा. मी बघितलं आणि दुसरीकडे बघितल्यासारखं केलं.

तळ्याच्या काठी आमचं ओंडक्यांचं एकखणी घर आहे. सासऱ्यांनी बांधलेलं. दार जंगलाच्या बाजूला आणि त्याच्या बरोबर समोर तळ्याकडची खिडकी. मधे चूल, टेबल, दोन बाकं. आम्ही म्हातारी आत झोपतो, पोरं पुढच्या वाळूच्या टोकावर तंबू ठोकतात. जुलैत इथे उत्तरेला अंधार पडतच नाही, त्यामुळे तंबूतून रात्री बारालासुद्धा तैसीचं हसणं ऐकू येतं आणि सूर्य पाइनच्या शेंड्यांवर रेंगाळत असतो.

आमच्या भागात दाराला कुलूप नसतं. बाहेर पडताना दाराला काठी टेकवायची, बस. काठी दिसली की येणारा समजतो, घरात कुणी नाही, आणि पायरीवरूनच माघारी फिरतो. तळ्यावरच्या घरालाही तसंच. काठी बर्चची, साल काढलेली, हातांनी घासून गुळगुळीत झालेली, फक्त टोकाशी चिरलेली.

नवी सून होते तेव्हा सासूबाईंनी एवढंच बजावलं होतं, "काठी लावलीस की घर खरोखर रिकामं असू दे. आत मांजरसुद्धा ठेवायचं नाही." का, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या काळी सासूला कारण विचारायची पद्धत नव्हती.

३

दुसरा दिवस इतका छान उजाडला की प्रार्थनेतसुद्धा माझं लक्ष लागेना. पाणी आरशासारखं. कुइक्का पक्ष्यांची जोडी लव्हाळ्यातून निघाली आणि एकाने ती लांब, रडवेली हाक दिली. नवख्या माणसाच्या अंगावर काटा येतो. आम्हाला ती सणाची वर्दी वाटते.

चौघंही नावेतून निघालो. वादिमच्या डब्यात मासेच मासे दिसत होते. गळाला मात्र तेप्पानाच्याच लागत होते, तेही एका हाताने. दोरी दातात धरायचा आणि उजव्या हाताने ओढायचा.

"जावईबापू, तो डबा जरा दोरीला बांधून खाली सोड. त्याला पाहून तरी एखादा वर येईल."

"बाबा, तुम्ही माझ्या जागेवर बसलाय. मासे माझ्याच खाली होते."

"मग त्यांना कळत नाही का, जावयाचा मान ठेवावा ते?"

मी हसता हसता सहज किनाऱ्याकडे पाहिलं. आमच्या धुराड्यातून धूर निघत होता.

बारीक, सरळ, निळसर. कुणीतरी नुकतीच चूल पेटवल्यासारखा.

"निखारा राहिला असेल," तेप्पाना म्हणाला. मीही तेच म्हटलं. पण राख मी स्वतः ओढून काढली होती, आणि सदतीस वर्षं चूल सांभाळणाऱ्या बाईला निखारा राहिला की नाही ते कळतं.

परत आलो तर काठी जिथल्या तिथे. कुणी आलं-गेलं नव्हतं. आत चूल कोमट. टेबलावरचा पाव मी उघडा टाकून गेले होते, तो फडक्याखाली झाकलेला होता. चारी कोपरे नीट आत दुमडलेले.

"तूच झाकला असशील," तैसी म्हणाली.

असेन. हात आपोआप कामं करतात, डोक्याला पत्ता नसतो. मी पावाला हात जोडले आणि कापायला घेतला.

४

तिसऱ्या दिवशी वादिमने मासा पकडला. हाउगी, दातेरी, हाताएवढी लांब. तो नावेत उभा राहून ओरडायला लागला, तैसी "खाली बस, बुडवशील!" म्हणून ओरडायला लागली, आणि तेप्पाना गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "डब्याला विचारून घे रे, हा खराच आहे ना."

गाणी म्हणत घरी आलो. मी काठी काढून बाजूला ठेवली, दार ढकललं. दार आत उघडतं आमचं. बोटभर उघडलं आणि अडलं. आतून काहीतरी टेकलेलं होतं. जरा जोर दिला, तशी आत जमिनीवर एक वस्तू पडली.

टक्क. मग घरंगळत गेल्याचा आवाज.

आत एक काठी पडली होती. बर्चची, साल काढलेली. माझ्याच काठीएवढी, पण ओली. पाण्यात भिजत पडलेल्या लाकडासारखी जड.

कितीतरी वेळ मी ती हातात धरून उभी होते. दाराला आतून काठी लावून माणूस बाहेर जातो कसा? खिडक्या आतून बंद होत्या. कड्या मी हात लावून पाहिल्या.

"आई, ती भिंतीला उभी असणार. तुम्ही जाताना दार ओढलंत, तशी घसरून दाराला टेकली," वादिम म्हणाला. तो इंजिनियर आहे. त्याच्याजवळ प्रत्येक गोष्टीचं कारण असतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं.

"ओली कशी?"

"कालच्या वल्ह्याबरोबर आली असेल."

मी ती चुलीत घातली नाही. का कोण जाणे, दुसऱ्याची वस्तू वाटली. दाराच्या आत, बिजागरीशेजारी उभी करून ठेवली.

तेप्पाना बाकावरून हे सगळं बघत होता. तो फक्त म्हणाला, "शेजारी चांगले दिसतात. जाताना काठी लावून जातात."

"थट्टा पुरे," मी म्हटलं.

"थट्टा कुठे? तू काठी लावलीस म्हणजे आपण घरी नाही. त्यांनी लावली म्हणजे ते घरी नाहीत. हिशेब सरळ आहे." मग त्याने मला डोळा मारला. फक्त उजवा. डावा अजून नीट मिटत नाही.

५

पेत्रूच्या सणाला पहाटे उठून मी कालित्का केल्या. राय धान्याच्या पातळ पारीत कुस्करलेला बटाटा भरायचा आणि कडा चिमटीने चुण्या करून वळायच्या. सणाआधीचा उपास संपला होता, म्हणून वर लोणी. तेप्पानाने चार खाल्ल्या आणि पाचवीकडे हात नेला.

"डॉक्टरीणबाईंनी लोणी कमी करायला सांगितलंय," मी म्हटलं.

"माझ्या डाव्या बाजूला सांगितलंय. मी उजव्या बाजूने खातोय."

त्यानंतर पोरांनी वाफेची न्हाणी तापवली. तेप्पाना बर्चच्या डहाळ्यांनी पाठ झोडून घेऊन लालबुंद बाहेर आला आणि बाकावर आडवा झाला. वारा सुटला होता. तळ्यावर पांढऱ्या लाटा उठल्या होत्या.

"तू पडून राहा," तैसीने त्याला बजावलं. "आम्ही आईला बेटावर नेतो, पंचा बांधून तासाभरात येतो."

"पण नवस माझ्या हाताचा, आणि हात इथेच?"

"नवस माझा आहे," मी म्हटलं. "हात आला नाही तरी पंचा जाणार. मिक्कुलाला आधी देते, मग मागते."

त्याने भिंतीकडे तोंड केलं. मग माझं नाव घेऊन हळूच म्हणाला, "नास्तो, आला नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस हं. एका हाताने संसार होतो."

मी उठले. चूल विझवली, निखारे पाण्यात कालवले, कारण एका हाताच्या माणसाजवळ आग ठेवायची नाही. पंचा छातीशी धरला. दार ओढलं. पायऱ्या उतरून नावेत बसले.

सदतीस वर्षांत त्या घरातून मी कधी त्याच्याशिवाय बाहेर पडले नव्हते.

६

बेट अर्ध्या तासावर आहे. मधोमध पाइनची सात-आठ झाडं, आणि त्यांच्यामध्ये नवसाचा जुना क्रूस. पंच्यांनी, फडक्यांनी, रुमालांनी इतका गुंडाळलेला की लाकूड दिसतच नाही. तैसीला तिथे पिकलेली केशरी बेरी हवी होती. वादिम वाऱ्याशी झगडत नावेची मोटर सांभाळत होता आणि लाट अंगावर आली की लहान मुलासारखा किंचाळत होता. आम्ही तिघंही चिंब भिजलो होतो, हसत होतो. क्रुसावरची फडकी फडफडताना दिसायला लागली.

माझ्या उजव्या तळव्याला काहीतरी टोचत होतं. बघितलं तर बर्चची बारीक सल.

आधी कळलंच नाही. मग माझ्या हातांनी काय केलं होतं ते मला आठवलं.

दार ओढलं. आणि काठी लावली.

मी मागे वळून पाहिलं. धुराड्यातून धूर निघत होता.

"वळव," मी म्हटलं.

"आई, पोचलोच की. दोन मिनिटं."

"वादिम, नाव वळव!"

मी त्याच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्याने नाव वळवली. तैसीने माझा हात धरला. "काय झालं?"

"मी काठी लावून आले."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मग काय झालं?" वादिम समजुतीने म्हणाला. "दार आत उघडतं. बाबांना बाहेर यायचं असलं तर ओढतील, काठी पडेल. कोंडले थोडेच गेलेत?"

"आणि धूर?"

"त्यांनीच पेटवली असेल चूल."

एका हाताने? ओल्या राखेवर? पण त्याला कसं सांगायचं? मला भीती दाराच्या बंद असण्याची नव्हती. माझा जिवंत माणूस आत झोपला होता आणि मी दारावर सांगून आले होते, आत कुणी नाही. जी घरं शेवटचा माणूस गेल्यावर बंद पडली, त्यांच्या दारांनाही आमच्या गावात अशाच काठ्या टेकलेल्या आहेत. कायमच्या.

पंचा माझ्या मांडीवर होता. क्रूस मागे मागे जात होता. सणाचा दिवस, नवस तोंडाशी आलेला, आणि मी पाठ फिरवली होती. मिक्कुला बाबा, रागावू नकोस, मी म्हणत राहिले. आधी माणूस.

७

नाव टेकायच्या आत मी पाण्यात उतरले. वाटेने वर धावत सुटले. डोक्यावरचा रुमाल सुटून गळ्यात आला. पोरं मागे नाव बांधत होती.

काठी जिथे लावली होती तिथेच होती.

आतून आवाज येत होते. चुलीतली लाकडं तडतडत होती. फळ्यांवर ओली पावलं पडत होती, सावकाश, घरच्या बाईची असावीत तशी. बाकापासून चुलीपर्यंत. चुलीपासून बाकापर्यंत. आणि एक घासल्याचा, चोळल्याचा मऊ आवाज, पीठ मळताना होतो तसा.

तेप्पानाचा आवाज नव्हता.

मी काठी बाजूला केली. दारावर तळवा ठेवला आणि अगदी हलकेच लोटून पाहिलं. दार सैल होतं. मागे काहीच टेकलेलं नव्हतं.

काल आतली काठी पाहून मी घाबरले होते. आज ती नव्हती, आणि तेच जास्त वाईट होतं. काल ते शेजारी बाहेर गेले होते. आज ते घरी होते.

धाडकन दार उघडावं, असं वाटलं. पण दुसऱ्याच्या घरात असं कुणी शिरतं का? मी तिथेच उभी राहिले आणि दाराशी तोंड नेऊन, शेजारणीशी बोलावं तशी बोलले.

"घरातल्यांनो, चूक माझी झाली. घर रिकामं नव्हतं. आमचा माणूस आत राहिलाय. तो आमचा आहे. त्याचं नाव तेप्पाना. मी त्याला न्यायला आलेय."

पावलं थांबली.

चोळल्याचा आवाज थांबला.

मी एक पूर्ण प्रार्थना म्हटली. घाई केली नाही, तरी शब्द एकमेकांवर पडत होते. मग पावलं दाराकडे आली. अगदी जवळ. फळीच्या पलीकडे, माझ्या तळव्याएवढ्या अंतरावर. ओल्या जवसाचा वास आला.

टक्. काठी दाराला टेकली. आतून.

मी आणखी एक प्रार्थना म्हटली आणि दार ढकललं. काठी पडली. आणि समोर, तळ्याकडच्या खिडकीच्या काचेत, मला एक बाई दिसली. माझ्याच उंचीची, माझ्यासारखीच दारावर हात ठेवलेली. मला वाटलं, मीच. बाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार असताना काचेत प्रतिबिंब कसं पडेल, ते मी स्वतःला विचारत नाही. एवढंच सांगते. माझा रुमाल सुटून गळ्यात आला होता. तिचा डोक्यावर नीट बांधलेला होता.

तिने दार ओढून घेतलं. काचेत तळं उरलं.

८

"आलीस? आत्ता तर बाहेर गेलीस," तेप्पाना बाकावरून म्हणाला.

मी त्याच्या छातीवर डोकं ठेवलं आणि ऐकत राहिले. धड, धड, धड. दुसरं कुठलं गाणं नको होतं मला.

"अगं, काय झालं? भिजलीस किती! मघाशी हात गार होते, आता डोकंही गार."

"मघाशी?"

"मग! तासभर माझा हात चोळत बसली होतीस ना? खांद्यापासून बोटांपर्यंत. हाडं दुखली माझी." तो जांभई देत होता, डोळे मिचकावत होता. "म्हटलं, हिने बेटाचा बेत रद्द केला वाटतं."

मी त्याचा डावा हात हातात घेतला. तो कोपरापर्यंत ओला होता. तळ्याच्या पाण्याइतका गार. आणि त्याची बोटं हळूहळू, एकेक करून, माझ्या बोटांवर मिटली.

आम्ही दोघांनीही त्या बोटांकडे पाहिलं.

"ही काय करतायत?" तेप्पाना कुजबुजला. त्याच्या आयुष्यात एवढं लहान वाक्य त्याने कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

तोवर तैसी आत आली. बापाचा हात पाहून आधी ओरडली, मग रडली, मग पुन्हा ओरडली. वादिमने मनगट दाबून पाहिलं, बोटं मोजली, "शिरा जाग्या होतात कधी कधी, अचानक होतं असं," म्हणाला आणि नाक पुसायला बाहेर गेला.

चुलीवर किटली उकळत होती. मी चहा केला. कालित्का गरम केल्या. जमिनीवर पडलेली ओली काठी उचलून बिजागरीशेजारी उभी केली, आणि तिच्यापुढे फळीवर, कुणाला दिसणार नाही अशी, एक कालित्का ठेवली. लोण्याची.

त्या दिवशी मी घराबाहेर पडले नाही. नवस राहिला. पण तेप्पाना संध्याकाळपर्यंत डाव्या हाताने वादिमचं नाक ओढायचा प्रयत्न करत होता, आणि तिसऱ्या खेपेला जमलं तेव्हा तंबूपर्यंत हसणं गेलं.

९

सकाळी वारा पडला होता. फळीवर कालित्का नव्हती. उंदीर असतात तिथे.

आम्ही चौघं निघालो. घर नीट पाहिलं, प्रत्येक बाक, प्रत्येक कोपरा. आत कुणी नाही याची तीनदा खात्री करून मी काठी लावली.

मोटर लावू दिली नाही तेप्पानाने. पुढच्या फळीवर बसला, उजव्या हाताने उजवं वल्हं धरलं, मग डावा हात स्वतःहून उठला आणि डाव्या वल्ह्यावर जाऊन बसला. नाव अर्धा वेळ गोल फिरत होती.

"बाबा, बेट इकडे आहे," वादिम म्हणाला.

"तुझ्या डब्यात बघ, मी बरोबर जातोय."

तासाभराने पोचलो. मी पंचा घेऊन पुढे झाले आणि क्रुसासमोर थबकले.

सगळ्या विटक्या फडक्यांवर एक नवा, पांढराशुभ्र पंचा बांधलेला होता. त्यातून पाणी ठिबकत होतं. पाऊस आठ दिवसांत नव्हता. त्यावर लाल पक्षी होते, कुइक्काची जोडी, सासूबाईंनी मला शिकवलेल्या नमुन्यातली. माझ्या पंच्यावरचे पक्षी उजवीकडे पाहतात. हे डावीकडे पाहत होते. आणि प्रत्येक टाक्याची गाठ, प्रत्येक दोऱ्याचं टोक बाहेरच्या बाजूला होतं.

"आई, तुझाच नमुना गं," तैसी म्हणाली.

"कुणीतरी उलटा बांधलाय," वादिम म्हणाला. "ही मागची बाजू आहे, बघा." त्याने कोपरा धरून पंचा उलटवला.

दुसरीकडेही मागचीच बाजू होती.

त्याने कोपरा हळूच सोडला. डोक्यावरची टोपी काढली. यावेळी त्याने काहीच कारण सांगितलं नाही.

मी मात्र उभी राहून त्या गाठींकडे पाहत होते, आणि माझी भीती, थंडीत हात चुलीजवळ नेल्यावर उतरते तशी, उतरत गेली. इतक्या बारीक गाठी. कितीतरी दिवसांचं काम. कुठल्या तरी लांब, पांढऱ्या व्हरांड्यात तीही उभी राहिली असेल. तिच्याही घरी कुणाचा तरी हात, कुणाचा तरी पाय असेल. सणाच्या दिवशी ती नवस फेडून गेली, म्हणजे तिचं मागणं पुरं झालं असणार. मला तसंच वाटतं. दुसरं काही वाटून घ्यायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

माझा पंचा मी तिच्या पंच्याशेजारी बांधला. वाऱ्याची झुळूक आली, तसे पक्षी समोरासमोर आले.

१०

दुपारी सामान बांधलं. जाळी, किटली, उरलेलं मीठ फळीवर ठेवलं, चुलीजवळ सुकी लाकडं रचली. पुढच्याची सोय करून निघायचं, ही रीतच आहे. ओली काठी आत, बिजागरीशेजारी. माझी काठी बाहेर.

नावेत तेप्पाना माझ्याशेजारी बसला. पोरं मागे मोटरशी भांडत होती. बराच वेळ तो डाव्या हाताची मूठ मिटत-उघडत होता.

"नास्तो," तो हळूच म्हणाला, "ती तू नव्हतीस, ते मला माहीत होतं. तू घाबरू नयेस म्हणून काल तसं बोललो."

मी त्याच्याकडे वळले. "कधीपासून?"

"पहिल्या पाच मिनिटांत. तासभर हात चोळत बसली आणि तोंडातून एक शब्द नाही. सदतीस वर्षांत तू कधी एवढी गप्प बसलीस का?"

"मेल्या! मग ओरडला का नाहीस?"

त्याने विचार केला. खरोखर विचार केला. "आधी भीती वाटली. मग हाताला बरं वाटायला लागलं. शिवाय, ती रडत होती गं. बिचारीला अडवायचं कशाला?"

मला हसू आलं आणि डोळेही भरले. त्याने डाव्या हाताने माझ्या रुमालाची गाठ ओढून घट्ट केली, जरा वाकडीच.

लव्हाळ्यातून कुइक्काने हाक दिली, आणि तळ्याच्या त्या टोकाकडून दुसऱ्याने ओ दिली. मी मागे वळून पाहिलं. आमच्या धुराड्यातून बारीक, सरळ, निळसर धूर वर चढत होता.

मी हात हलवला. काठी मी नीट लावली होती. यावेळी ती खरं सांगत होती.